गोपाल नीलकंठ दांडेकर

गोपाल नीलकंठ दांडेकर ऊर्फ गो. नी. दांडेकर (जन्म : परतवाडा, अमरावती जिल्हा, ८ जुलै १९१६, मृत्यू : पुणे, १ जून १९९८) हे मराठी कादंबरीकार, प्रवासवर्णनकार, दुर्ग-अभ्यासक आणि छायाचित्रकार होते. वाचकांत व डोंगरभटक्यांत ते 'गोनीदा' या नावाने, तर घरच्यांत आणि स्नेह्यांत 'अप्पा' या नावाने ओळखले जात. 'शितू', 'पडघवली', 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत' आणि 'मृण्मयी' या त्यांच्या विशेष गाजलेल्या कादंबऱ्या होत. 'स्मरणगाथा' या आत्मचरित्रात्मक कादंबरीस १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

शालेय वयातच घर सोडून बाहेर पडलेल्या या लेखकाने पुढे तळेगाव दाभाडे येथे संसार मांडला आणि आयुष्याचा उत्तरार्ध तेथून सह्याद्रीच्या गडकोटांच्या वाटा तुडवण्यात घालवला. भ्रमंती आणि गृहस्थाश्रम या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेने जपल्या. पत्नी, कन्या, जावई आणि नाती असे सारे कुटुंब त्यांच्या गडप्रेमात व साहित्यात सहभागी झाले.

बालपण आणि गृहत्याग

दांडेकरांचा जन्म परतवाडा येथे झाला. हे गाव अचलपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. येथूनच चिखलदऱ्याकडे जाणारा घाट चढू लागतो आणि मेळघाटचे अरण्य सुरू होते. गाविलगडासारखा बलदंड किल्लाही याच डोंगररांगेत आहे. डोंगर, रान आणि वऱ्हाडी बोली यांचा पहिला संस्कार त्यांच्यावर या परिसरात झाला.

इयत्ता सातवीत शिकत असताना, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांनी शाळा व घर सोडले. स्वातंत्र्यलढ्यात सहभागी होण्याची ओढ हे त्याचे कारण होते. औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. यापुढील त्यांची सारी विद्या पायी फिरून, साधुसंतांच्या व विद्वानांच्या सहवासात राहून आणि मिळेल ते वाचून संपादन केलेली आहे. या काळातील उपासमार, आसऱ्यासाठी केलेली वणवण, अनोळखी माणसांनी दिलेला घास आणि घरच्यांची मूकपणे सोसावी लागलेली आठवण यांचे चित्रण पुढे त्यांनी 'स्मरणगाथा'मध्ये केले. आपल्या धाडसाचे कौतुक करून घेण्यापेक्षा वाटेत भेटलेल्या माणसांचे ऋण मानण्याकडे त्या ग्रंथाचा कल आहे. घरातून निघून गेलेल्या मुलामुळे मागे राहिलेल्यांना काय सोसावे लागते, याची जाणीवही त्यात आढळते.

गाडगे महाराजांचा सहवास

घर सोडल्यानंतर दांडेकर संत गाडगे महाराजांच्या सहवासात आले. गाडगे महाराज हेही अमरावती जिल्ह्यातीलच, शेंडगावचे. हाती खराटा घेऊन गाव झाडणे आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा, व्यसने व अस्पृश्यता यांवर प्रहार करणे, हे त्यांचे कार्य होते. त्यांचा संदेश घेऊन दांडेकर गावोगाव हिंडले. खेड्यातील माणूस, त्याची भाषा, त्याचे दारिद्र्य आणि त्याचे शहाणपण यांची ओळख त्यांना या भ्रमंतीत झाली. दांडेकरांनी पुढे गाडगे महाराजांचे चरित्र लिहिले. महाराजांच्या जीवनावरील 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता.

नर्मदा परिक्रमा आणि अध्ययन

यानंतरच्या काळात दांडेकरांनी वेदान्ताचे अध्ययन केले आणि नर्मदा परिक्रमा केली. अमरकंटक येथे उगम पावून भडोचजवळ समुद्राला मिळणाऱ्या या नदीला तिच्या दोन्ही काठांनी पायी प्रदक्षिणा घालण्याची परंपरा जुनी आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, जवळ धनसंचय करायचा नाही आणि काठावरच्या गावांत मिळेल त्या भिक्षेवर व सदावर्तावर निर्वाह करायचा, असे तिचे नियम सांगितले जातात. परंपरेप्रमाणे या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. तरुण वयातील या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी निर्माण झाली. नर्मदा परिक्रमेविषयीच्या मराठी ललित लेखनात या कादंबरीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

काही काळ त्यांनी औंध येथे वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे काम केले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते म्हणूनही ते काही वर्षे वावरले. संस्कृत ग्रंथ, संतवाङ्मय आणि प्रत्यक्ष लोकजीवन अशा तीन वाटांनी त्यांची जडणघडण झाली. त्यामुळे त्यांच्या गद्यात ज्ञानेश्वरीतील शब्दकळा आणि मावळातील शेतकऱ्याची बोली शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

तळेगाव दाभाडे येथील संसार

१९४७ साली दांडेकरांनी केवळ लेखनावर उपजीविका करण्याचा निश्चय केला व ते पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले. शालेय प्रमाणपत्र नाही, नोकरी नाही आणि वडिलोपार्जित आधार नाही, अशा स्थितीत लेखणीवर घर चालवण्याचा हा निर्णय जोखमीचा होता. कादंबऱ्यांबरोबरच त्यांनी चरित्रे, प्रवासवर्णने, नाटके, पुराणकथा आणि मुलांसाठी पुस्तके असे विविध प्रकारचे लेखन केले. त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभराहून अधिक असल्याचे सांगितले जाते. या विपुलतेमागे त्यांची प्रतिभा जशी होती, तशीच घर चालवण्याची जबाबदारीही होती.

त्यांच्या पत्नी नीरा यांनी या अनिश्चित उत्पन्नाच्या संसाराला स्थैर्य दिले. यजमानांचा पाय घरात ठरत नसे. गडावर जायचे मनात आले की पाठीवर पिशवी टाकून ते निघत. अशा वेळी घराची घडी न विस्कटू देण्याचे श्रेय नीराबाईंकडे जाते. दांडेकर कुटुंबीयांनी पुढे सुरू केलेल्या पुरस्कारांपैकी एकाला 'नीरा-गोपाल' असे दोघांचे संयुक्त नाव देण्यात आले.

तळेगावची निवड त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. पुणे-मुंबई लोहमार्गावरचे हे गाव मावळच्या तोंडाशी आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे पवन मावळातील किल्ले येथून जवळ आहेत. लोणावळ्याकडून राजमाची गाठता येते. तुकोबांच्या वास्तव्याने पावन झालेला भंडाऱ्याचा डोंगर आणि इंद्रायणीकाठचे देहूही जवळच आहे. पूर्वी घर सोडल्याखेरीज त्यांना रान भेटत नव्हते. तळेगावात ते घराच्या अंगणापर्यंत आले आणि भ्रमंती व संसार यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण उरले नाही.

दुर्गभ्रमण

१८१८ साली मराठी सत्ता संपुष्टात आल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या वाटा, पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. लष्करी महत्त्व संपल्याने पुढे या गडांची उपेक्षा झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गडावर जाणारे लोक फारसे नव्हते. गुराखी, धनगर, महादेव कोळी व ठाकर यांच्याखेरीज तेथील वाटा थोड्यांनाच ठाऊक होत्या. अशा काळात दांडेकर एकामागून एक गड पाहत राहिले. रायगड, राजगड आणि राजमाची यांवर त्यांचा विशेष लोभ होता. या गडांवर ते पुन्हा पुन्हा आणि निरनिराळ्या ऋतूंत गेले.

त्यांची गड पाहण्याची रीत वेगळी होती. तटबंदी, बुरूज, दरवाजाची बांधणी, चोरवाटा, पाण्याची टाकी आणि धान्यकोठारांच्या खुणा ते बारकाईने पाहत. गडाला पाणी कोठून मिळत असे, शत्रू कोणत्या बाजूने चढू शकला असता, माचीवर किती शिबंदी राहू शकत असेल, याचा ते जागेवरच विचार करत. त्याबरोबरच गडावरची झाडे, पाखरे, वारा आणि ढग यांची नोंद त्यांच्या लेखनात येते. गडावर किंवा पायथ्याशी राहणाऱ्या माणसांच्या घरी उतरणे, त्यांच्यासोबत भाकरी खाणे आणि त्यांच्या तोंडून गडाच्या कथा ऐकणे हा त्यांच्या भ्रमंतीचा अविभाज्य भाग होता. त्यांच्या कादंबऱ्यांतील अनेक पात्रे अशाच ओळखींतून घडली.

'दुर्गदर्शन', 'किल्ले' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' ही त्यांची या विषयावरील प्रमुख पुस्तके होत. इतिहास, भूगोल आणि आत्मीय अनुभव यांचा त्यांत मेळ आहे. ही पुस्तके वाचून महाराष्ट्रातील तरुणांच्या अनेक पिढ्या गडांकडे वळल्या. तरुणांना बरोबर घेऊन गड दाखवण्याचे कामही त्यांनी दीर्घकाळ केले. गड ही सहलीची जागा असली तरी तिचे पावित्र्य राखले गेले पाहिजे, याविषयी ते आग्रही होते.

गडावर जाताना त्यांच्याबरोबर कॅमेरा असे. त्यांनी टिपलेली किल्ल्यांची छायाचित्रे हा आज महत्त्वाचा दस्तऐवज ठरला आहे, कारण त्यांतील काही वास्तू नंतरच्या काळात ढासळल्या. छायाचित्रणासह आपल्या इतर छंदांविषयी त्यांनी 'छंद माझे वेगळे' या पुस्तकात लिहिले आहे.

कुटुंब आणि भटकंती

स्वतः बालपणी घरापासून तुटलेल्या दांडेकरांनी आपल्या मुलीला मात्र भटकंतीतही बरोबर ठेवले. कन्या वीणा यांना त्यांनी लहान वयापासून गडांवर नेले. इतिहास, वनस्पती, नक्षत्रे आणि संतवचने यांचे पाठ त्यांना वडिलांकडून चालता चालता मिळाले. पुढे वीणा देव या मराठीच्या प्राध्यापिका व लेखिका म्हणून नावारूपाला आल्या. वडिलांचे 'आशक मस्त फकीर' हे चरित्र त्यांनी लिहिले. वडिलांच्या फकिरीकडे आणि वात्सल्याकडे मुलीच्या नजरेने पाहणारे हे चरित्र गोनीदांच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. २०२४ साली वीणा देव यांचे निधन झाले.

जावई प्रा. विजय देव हेही दुर्गप्रेमी होते आणि सासऱ्यांच्या भ्रमंतीत व साहित्यिक उपक्रमांत सहभागी होत. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी या दांडेकरांच्या नात होत. नातींनाही आजोबांकडून गडांची आणि गोष्टींची गोडी लागली.

कादंबरीलेखन

दांडेकरांच्या कादंबऱ्या प्रदेशनिष्ठ आहेत. नदी, डोंगर किंवा गाव हे त्यांत कथानकाची पार्श्वभूमी म्हणून न येता माणसाच्या आयुष्याला वळण देणारी शक्ती म्हणून येते.

'शितू' (१९५३) ही कोकणातील एका बालविधवेची शोकात्म प्रेमकथा आहे. 'पडघवली' (१९५५) मध्ये मुंबईकडे लागलेल्या ओढीमुळे आणि आपसांतील वैरामुळे ओस पडत जाणारे कोकणातील गाव एका गृहिणीच्या निवेदनातून साकार होते. घर टिकवून धरण्याची तिची धडपड हा या कादंबरीचा गाभा आहे. 'मृण्मयी' (१९७०) ही विदर्भातून कोकणात सासरी आलेल्या, भक्तीच्या ओढीने व्याकूळ झालेल्या स्त्रीची कथा आहे.

'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) ही पवना खोऱ्यातील शेतकरी कुटुंबाची व भावाभावांतील मायेची कथा आहे. पुढे या नदीवर धरण झाले आणि खोऱ्यातील बरीच जमीन पाण्याखाली गेली. त्यामुळे जुन्या पवन मावळाचे चित्र म्हणूनही या कादंबरीचे मोल वाढले आहे.

'माचीवरला बुधा' (१९५८) ही राजमाचीवर घडते. श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पायाशी पसरलेली माची, अशी राजमाचीची रचना आहे. माचीवर उधेवाडी ही छोटी वस्ती आहे. मुंबईत आयुष्य काढलेला वृद्ध बुधा या माचीवर परततो आणि झाडे, पाखरे व प्राणी यांच्या सोबतीने अखेरचे दिवस घालवतो, एवढेच तिचे कथानक आहे. माणूस आणि निसर्ग यांच्यातील अद्वैत इतक्या साधेपणाने मांडणाऱ्या मराठी कादंबऱ्या थोड्या आहेत.

'जैत रे जैत' (१९६५) ही पनवेलजवळील कर्नाळा किल्ल्याच्या परिसरातील ठाकर समाजाची कथा आहे. कर्नाळ्याच्या उत्तुंग सुळक्यावरील आग्या मोहोळे आणि त्यांतील राणीमाशीशी वैर धरणारा नाग, तसेच त्याच्यावर प्रेम करणारी चिंधी यांच्याभोवती ती फिरते. 'रानभुली' या कादंबरीला रायगडाची पार्श्वभूमी आहे.

'पूर्णामायची लेकरं' ही वऱ्हाडी बोलीतील कादंबरी पश्चिम विदर्भातील पूर्णा नदीच्या काठचे जीवन रंगवते. ही पूर्णा तापीची उपनदी आहे. परभणी जिल्ह्यातून वाहत येऊन पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळणारी, मराठवाड्यातील पूर्णा नदी वेगळी आहे. 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर आधारलेली आहे. बोलीचा सहज व नेमका वापर हे दांडेकरांचे वैशिष्ट्य होते. वऱ्हाडी, कोकणी वळणाची मराठी, मावळी आणि ठाकरी या बोली त्यांनी पुस्तकांतून न उचलता त्या त्या लोकांत राहून आत्मसात केल्या होत्या.

संतचरित्रे आणि शिवकाल

ज्ञानेश्वरांवरील 'मोगरा फुलला', तुकारामांवरील 'तुका आकाशाएवढा' आणि समर्थ रामदासांवरील 'दास डोंगरी राहतो' या त्यांच्या चरित्रात्मक कादंबऱ्या लोकप्रिय ठरल्या. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे मूळ गाव आपेगाव आणि समर्थांचे जन्मगाव जांब ही दोन्ही मराठवाड्यातील आहेत. संतांच्या आयुष्यातील चमत्कारांपेक्षा त्यांनी सोसलेला छळ, भावंडांतील जिव्हाळा आणि त्यांचा एकाकीपणा यांवर दांडेकरांचा भर दिसतो. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांची कथा त्यांनी विशेष ममतेने लिहिली.

'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या पाच कादंबऱ्यांतून त्यांनी शिवकाल उभा केला. त्या 'कादंबरीमय शिवकाल' या नावाने एकत्रित प्रसिद्ध झाल्या आहेत. घटना जेथे घडल्या तो मुलूख पायी पाहिलेला असल्याने वाटा, चढ, झाडी आणि ऋतू यांचे त्यांतील तपशील विश्वसनीय वाटतात. राजे व सरदार यांच्याइतकेच सामान्य मावळे, स्त्रिया आणि कारागीर यांना या कादंबऱ्यांत स्थान आहे.

अभिवाचन

दांडेकरांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचा उपक्रम १९७५च्या सुमारास सुरू झाला. स्वतः गोनीदा, वीणा देव आणि विजय देव हे कादंबरीचा संक्षेप करून श्रोत्यांसमोर वाचत. नेपथ्य, वेशभूषा किंवा पाठांतर न करता केवळ आवाजातून पात्रे उभी करण्याचा हा प्रकार महाराष्ट्रभर लोकप्रिय झाला. पुढील पिढीही त्यात सहभागी झाली आणि गोनीदांच्या निधनानंतरही कुटुंबाने हा उपक्रम चालू ठेवला. एका लेखकाचे साहित्य त्याच्या घरातील माणसांनी इतका दीर्घकाळ वाचून लोकांपर्यंत नेल्याचे असे उदाहरण मराठीत विरळा आहे.

चित्रपट

'जैत रे जैत' या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ साली त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात मोहन आगाशे व स्मिता पाटील यांच्या प्रमुख भूमिका आहेत. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे हा चित्रपट विशेष गाजला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'पवनाकाठचा धोंडी' व 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांवरही मराठी चित्रपट निघाले.

सन्मान

* साहित्य अकादमी पुरस्कार, 'स्मरणगाथा'साठी (१९७६)
* अध्यक्ष, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अकोला (१९८१)
* पुणे विद्यापीठाची डी.लिट. ही सन्माननीय पदवी (१९९२)

सातवीत शाळा सुटलेल्या लेखकाला विद्यापीठाने दिलेली पदवी म्हणून यांतील अखेरचा सन्मान लक्षणीय ठरतो.

निधन आणि स्मृती

१ जून १९९८ रोजी पुणे येथे वयाच्या ८१व्या वर्षी दांडेकरांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ कुटुंबीयांकडून 'मृण्मयी' व 'नीरा-गोपाल' हे पुरस्कार देण्यात येतात. गोनीदांच्या प्रेरणेने एकत्र आलेले दुर्गप्रेमी दुर्ग साहित्य संमेलने भरवतात. त्यांची अनेक पुस्तके आजही पुनर्मुद्रित होतात. राजमाचीच्या किंवा रायगडाच्या वाटेवर निघालेल्या तरुणांच्या पिशवीत त्यांपैकी एखादे अद्यापही असते.

निवडक साहित्य

* कादंबऱ्या : शितू, पडघवली, पवनाकाठचा धोंडी, माचीवरला बुधा, जैत रे जैत, मृण्मयी, पूर्णामायची लेकरं, आम्ही भगीरथाचे पुत्र, रानभुली, त्या तिथे रुखातळी, वाघरू, तांबडफुटी
* आत्मपर : स्मरणगाथा, कुणा एकाची भ्रमणगाथा, छंद माझे वेगळे
* चरित्रात्मक : मोगरा फुलला, तुका आकाशाएवढा, दास डोंगरी राहतो
* शिवकालीन : बया दार उघड, हरहर महादेव, दर्याभवानी, झुंजार माची, हे तो श्रींची इच्छा
* दुर्गविषयक व प्रवासपर : दुर्गदर्शन, किल्ले, दुर्गभ्रमणगाथा, महाराष्ट्र दर्शन